मागचा दम

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात लीलाबाईनं नवऱ्याच्या एकाच वस्तूला कधी हात लावला नाही. ती म्हणजे त्यांची मशक. बाकी रामाजींचं काय निस्तरायचं राहिलं होतं? चिखलानं भरलेली धोतरं तिनं धुतली, तापात त्यांची ओकारी ओंजळीत धरली, जनावरांच्या शेणामुताचं तर विचारूच नका. पण गोठ्यातल्या खुंटीला टांगलेल्या त्या बकऱ्याच्या कातड्याजवळून जाताना ती पदर आवळून घ्यायची. जणू ते उठून अंगाला चिकटणारच आहे.

कारणही तसंच होतं. लीलाबाई देवळीच्या माळकऱ्याची लेक. तिच्या माहेरी कांदासुद्धा चोरासारखा घरात यायचा. रामाजींचं स्थळ आलं तेव्हा जमीन बरी होती, मुलगा सरळ होता. पण हा मुलगा चामडं तोंडाला लावून वाजवतो हे कळल्यावर तिच्या वडिलांनी हातातला विडा तसाच तबकात ठेवला. शेवटी मधल्या माणसांनी तोड काढली. मशक घरात येणार नाही, गोठ्यात राहील. लग्नात ती वाजणार नाही. आणि कुठं वाजवून आल्यावर तुळशीचं पान चावून तीन चुळा भरल्याशिवाय जावई चुलीकडे फिरकणार नाही. रामाजींनी मान डोलावली. बायको मिळत होती म्हटल्यावर त्यांनी तीनच्या तेरा चुळाही कबूल केल्या असत्या.

मशक तशी आपल्या मुलखातली नव्हे. रामाजींचे वडील पुलगावच्या लष्करी डेपोत हमालीला जात. तिथं एक पहाडी शिपाई होता, त्याच्याकडून ते शिकले, आणि शिपायाची बदली झाली तेव्हा तो मशक त्यांनाच देऊन गेला. अख्ख्या कातड्याची पिशवी. एका नळीतून ती फुगवायची, काखेत दाबायची आणि भोकांच्या दुसऱ्या नळीवर बोटं चालवायची. वाजवणाऱ्यानं मधे श्वास घेतला तरी सूर तुटत नाही, कारण दम पिशवीत भरलेला असतो. चाली होत्या पहाडातल्या. पण वडिलांच्या आणि मग रामाजींच्या बोटांखालून जाता जाता त्यांना भुलाबाईच्या गाण्यांचं आणि जात्यावरच्या ओव्यांचं वळण लागलं. आता त्या कुठल्या हे खुद्द त्या शिपायालाही सांगता आलं नसतं.

गावानं या मशकीला एक काम नेमून दिलं होतं. वरातीत बँड वाजो की डीजे, पाठवणी मात्र रामाजींची. मांडवापासून वेशीपर्यंत ते वाजवत जायचे, बाजूला त्यांचा जुना सोबती नत्थू डफड्यावर. वेशीवर नवरीची गाडी पुढं निघाली की रामाजी तोंडातली नळी काढायचे. काखेतली पिशवी मात्र हळूहळू दाबत राहायचे आणि सूर चालूच राहायचा. त्याला गावात ‘मागचा दम’ म्हणत. मागचा दम वाजतोय तोवर नवरीनं वळून पाहायचं नाही आणि तिच्या मायनं डोळ्यांवर घेतलेला पदर काढायचा नाही. वेशीपासून निंबाच्या वळणापर्यंत जेमतेम तीस पावलं. रामाजी दम असा पुरवून वापरायचे की माय पदर काढायची तेव्हा वळणावर नुसती धूळ असायची. लेक जाताना दिसायचीच नाही.

“जातानी पाठ दिसली का मायच्या डोयातून ते निंघत नाई,” रामाजी म्हणायचे. “म्हून तेवढं झाकाचं.”

त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, वर्षालीच्या पाठवणीलाही तेच वाजवत गेले. लोक म्हणाले, बापानं कुठं वाजवायचं असतं का? रामाजींनी ऐकलं नाही. डोळ्यांवर पदर धरून उभ्या असलेल्या लीलाबाईला तो सूर संपतच नाही असं वाटलं होतं. पदर काढला तेव्हा जीप कधीच गेली होती आणि रामाजी रिकामी पिशवी काखेत दाबून उभे होते, अजूनही दाबतच होते.

आणि एक गोष्ट लीलाबाईनं जन्मात कोणाला सांगितली नव्हती. तिला तो आवाज आवडायचा. आवडायचा म्हणजे किती? रामाजी गोठ्यात वाजवायला बसले की ती डाळीचं सूप घेऊन मागच्या दारात येऊन बसायची आणि हात सुपातच थांबायचा. डोळे डाळीवर, कान गोठ्यात. त्या दिवशीच्या वरणात हटकून खडे निघायचे. “आज डाय निवडली नाई का वं?” रामाजी दाढ धरून विचारायचे. “आता दिसत नाई मले पयल्यासारखं,” असं ती पंचविशीतसुद्धा सांगायची. बाईनं एवढा मोठा आनंद चव्वेचाळीस वर्षं सुपाआड दडवून ठेवला. कशासाठी? बापाच्या शब्दासाठी. बाप जाऊनही तीस वर्षं होऊन गेली होती.

गेल्या दिवाळीपासून रामाजींना धाप लागायला लागली. आधी वाटलं सोयाबीन काढताना धूळ गेली असेल. मग बैलाला पाणी दाखवून येईपर्यंतही ते दोनदा बसायला लागले. फाल्गुनात वर्षालीनं त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. फोटो निघाले, तपासण्या झाल्या. फुप्फुस कडक होत चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचं मऊपण गेलं, आता ते फुगत नाही. वैशाखात पुन्हा भरती करावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी वर्षालीला बाजूला नेऊन आणखीही काही सांगितलं. ती परत आली ती ओढणीनं तोंड पुसतच. महिन्याच्या आतलं काम आहे, एवढं तिनं आईला सांगितलं. बापाला नाही.

बापाला सांगायची गरजही नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर दम मोजून वापरला त्याला आपला किती उरलाय हे कळत नसेल?

एका दुपारी वॉर्डात लीलाबाई उशाशी बसली होती. रामाजींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, डोळे मिटलेले होते आणि बोटं चादरीवर हलत होती. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि ओळखलं. पाठवणी चालली होती.

“काय करून राह्यले?” तिनं विचारलं.

“पाहून राह्यलो, बोटं चालते का. चालते.” दोन श्वास घेऊन ते पुढं म्हणाले, “बोटाले काईच झालं नाई वं. दमच नाई. एक डाव वाजवाले भेटलं असतं तं जीव निवला असता.”

“दम मी भरीन,” लीलाबाई म्हणाली.

आपण काय बोललो हे तिलाही क्षणभर कळलं नाही. रामाजींनी डोळे उघडले.

“तू? माळकऱ्याची पोरगी त्या चामड्याले तोंड लावशीन?”

“लावीन. तुमी काखेत धरजा अन् बोटं चालवजा. मी फुकीन.”

रामाजी तिच्याकडे बघत राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांनी असं पाहिलं होतं, त्यानंतर बहुतेक आजच. “मंगळवारी सुट्टी देतो म्हणते डॉक्टर,” ते म्हणाले. “मंगळवारीच वाजवू.” त्या संध्याकाळी त्यांनी चार दिवसांत पहिल्यांदा ताटातली पोळी संपवली.

लीलाबाई सोमवारी सकाळच्या बसनं घरी आली. वर्षाली बापाजवळ थांबली होती. घरात पाऊल टाकताच लीलाबाईनं पदर खोचला आणि थेट गोठ्यात गेली. खुंटीसमोर उभी राहिली. मग देवाचं नाव घेतलं आणि मशक उचलली.

वासानंच तिनं तोंड फिरवलं. तेलकट, कुबट, आंबूस. हात लावला तर बोटं चिकट झाली. हे उद्या तोंडाला लावायचं! तिच्या डोळ्यांपुढं वडील उभे राहिले, तबकात विडा ठेवणारे. पण शब्द दिला होता, आणि तो बापाच्या शब्दापेक्षा मोठा होता. मग तिनं तेच केलं, जे तिच्या माहेरची कोणतीही बाई अशा वेळी करते. तिनं ती वस्तू शुद्ध करायला घेतली.

नळ्या सोडून ठेवल्या. पिशवीवर गोमूत्र शिंपडलं. चुलीवर हंडाभर पाणी कढवलं, त्यात कपड्यांची पावडर टाकली आणि पिशवी आतून-बाहेरून नारळाच्या काथ्यानं घासली. काय ती घाण निघाली! पिवळट, गुळचट, तेलाचे तवंग असलेलं पाणी. तिनं ते तीनदा बदललं. शेवटच्या पाण्यात तुळशीची पानं टाकली. मग पिशवी गोठ्याच्या छपरावरच्या टिनांवर वाळत घातली. वैशाखातलं वर्ध्याकडचं ऊन, त्यात तापलेली टिनं. कमरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं तेव्हा देव उजळून ठेवल्यासारखं समाधान तिला वाटलं. आता तोंड लावायला काही हरकत नव्हती.

तिचा हेतू काय वाईट होता? रामाजी दर पंधरा दिवसांनी त्या पिशवीत एरंडीचं तेल आणि गुळाचं पाणी फिरवायचे, तिला मऊ ठेवायचे, तिची बारीक बारीक भोकं बुजवायचे. हे तिला माहीत नव्हतं, कारण ते काम गोठ्यात चालायचं आणि त्या वेळी ती तिकडं पाहायची नाही. न पाहण्याचा तिनं नेम केला होता आणि तो चांगला पाळला होता.

संध्याकाळी नत्थू रामाजींची खबर घ्यायला आला. अंगणात खाटेवर ठेवलेली पांढुरकी वस्तू त्यानं पाहिली आणि तो उभ्याउभ्याच थांबला.

“वयनी, हे काय करून ठेवलं?”

“धुतली. उद्या मले तोंड लावाचं हाय न. ते वाजवणार हाय उद्या.”

नत्थूनं पिशवी हातात घेतली. ती खडखडली.  त्यानं एरंडीचं तेल मागून घेतलं, कोमट केलं, हातानं चोळत राहिला. रंग जरा परतला, पण मऊपण परतलं नाही. मानेपाशी, जिथं नळी बसते तिथं, त्यानं जरासं वाकवलं आणि कातडं पापडासारखं मोडलं.

लीलाबाई चुलीपाशी होती. तिथपर्यंत तो आवाज आला.

“कातडं असं धुत नाई, वयनी,” नत्थू खाली पाहत म्हणाला. “तेलावरच तं जिवंत राह्यते ते.”

“शिवता येईन?”

“शिवलं तं बाजूले फाटते. सारंच कडक झालं.”

“दुसरी कोठं भेटन?”

“इकडं कोनापाशी हाय? नवं कातडं कमवाले महिना-दीड महिना लागते.”

महिना-दीड महिना.  लीलाबाईला रडायलाही लाज वाटली. त्यांचं फुप्फुस कडक झालंय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हे दुसरं फुप्फुस आपण आपल्या हातानं कडक केलं, असं तिच्या मनात आलं आणि त्यानंतर ते काही केल्या जाईना.

मंगळवारी दहाच्या सुमारास रामाजींना घेऊन गाडी आली. ऑक्सिजनची मशीन ओसरीवर लागली. त्यांनी घोटभर चहा घेतला, नत्थूला पाहून हसले आणि लीलाबाईकडे वळून म्हणाले, “आण.”

उंदरानं कुरतडली, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. गोठ्यापर्यंत जाऊन येईपर्यंत ते सगळे विरून गेले. तिनं मशक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उभी राहिली.

रामाजींनी हात फिरवला. मानेपाशी बोट थांबलं, फटीत गेलं. मग त्यांनी पिशवी उचलून नाकाशी नेली. पावडरचा वास होता, थोडा तुळशीचाही.

“धुतली?”

“धुतली,” लीलाबाई म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. “माह्या हातानं सत्यानाश केला मी. मले वाटलं सोच्छ करावं. मले काय मालूम... तुमची एकच गोष्ट होती अन् तेबी मी...”

“अन् उनात कोणं वाळवली? नत्थूनं?”

“नाई. मीच.”

“म्हंजे तू हात लावला.” रामाजी हे एवढ्या नवलानं म्हणाले की वर्षालीला वाटलं बाबांना समजलंच नाही. “आतूनबी घासली असशीन.”

“घासली.”

ते हसायला लागले, हसताना खोकला आला, खोकल्यानं छाती वर-खाली झाली. नत्थूनं पाठीवर हात फिरवला. शांत झाल्यावर रामाजी म्हणाले, “इतके वर्षं मले वाटे, तुले तिचा आवाजबी सोसत नाई. म्हून मी दार लावून वाजवो.”

लीलाबाईनं डोळे पुसले. आता लपवायचं तरी काय होतं?

“मी मागच्या दारात बसून ऐकत होती,” ती म्हणाली. “सूप घेऊन. वरणात खडे उगाच निंघत होते काय?”

 रामाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दार लावून काढलेली सगळी वर्षं त्यांना दिसली असतील. “अवं, मंग सांगितलं काऊन नाई?” ते म्हणाले. “मी अंगणात बसून वाजवलं असतं न. तुह्यासमोर.”

 तुम्ही विचारलं नाही, असं ती म्हणू शकली असती. पण दोष कोणाचा हे ठरवायला आता वेळ नव्हता, आणि ठरवून काही परत येणारही नव्हतं.

थोड्या वेळानं रामाजींनीच नत्थूकडे भोकांची नळी मागितली. पिशवीशिवायही ती वाजते, फक्त थेट तोंडानं फुंकावं लागतं. ते भिंतीला टेकून बसले, लीलाबाईला पुढ्यात बसवलं आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं घेऊन नळीवर बोटं ठेवली. लेकीसमोर, नत्थूसमोर असं बसायची लीलाबाईला लाज वाटली, तरी ती हलली नाही. तिनं नळी तोंडात धरली. आधी नुसती हवा गेली. मग फुर्रर झालं. तिसऱ्या खेपेला आतली पात थरथरली आणि सूर निघाला. तिच्या पाठीमागून बोटं चालू लागली.

पाठवणीच होती. पण तिचा दम संपला की सूर तुटायचा, ती श्वास घ्यायची, पुन्हा सुरू व्हायचा. एका ओळीचे चार तुकडे होत होते. मधल्या प्रत्येक फटीत तिला मानेमागं रामाजींचा श्वास ऐकू यायचा, घरघरणारा, अपुरा. चार ओळींपैकी तीन झाल्या. चौथीवर बोटं सैल पडली.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

“चांगली फुकते तू,” रामाजी तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून म्हणाले. “फक्त मागचा दम नाई. तोंड काढलं का संपलं.”

ती चौथी ओळ राहिलीच. शनिवारी सकाळी, लीलाबाई तोंड धुवायला पाणी घेऊन आली तेव्हा मशीन चालू होती आणि रामाजी गेलेले होते.

वर्षालीनं मडकं धरलं. भावकीत थोडी कुजबुज झाली, मग थांबली. तिरडी निघाली. आमच्याकडे बाया वेशीपर्यंत जातात. तिथं तिरडी खाली टेकवतात, खांदे बदलतात, आणि बाया तिथून परत फिरतात. तिरडी टेकली, खांदे बदलले. तेवढ्यात लीलाबाईनं कमरेला खोचलेली नळी काढली.

“वयनी, हे काय?” भावकीतलं कोणीतरी बोललं.

“वाजवू द्या त्याह्यले,” नत्थू म्हणाला. त्यानं डफडं आणलं नव्हतं.

लीलाबाईनं फुंकलं. बोटं कुठं ठेवायची हे तिला येत नव्हतं. बोटं तर तिरडीवर होती. सगळी भोकं उघडीच राहिली आणि एकच उंच सूर निघाला. गावातल्या म्हाताऱ्या बायांचे हात आपोआप पदराकडे गेले, त्यांनी डोळे झाकले. तिरडी उचलली गेली. पुढं मडकं घेऊन वर्षाली निघाली, तिनं वळून पाहिलं नाही.

लीलाबाईनं जीव एकवटून, डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत फुंकलं. मग दम संपला आणि तिनं तोंड काढलं. सूर तिथल्या तिथं थांबला. बायांनी पदर काढले आणि घाईनं पुन्हा डोळ्यांवर घेतले, कारण माणसं अजून पाच-सात पावलंच गेली होती. लीलाबाईच्या दोन्ही हातांत नळी होती. निंबाच्या वळणापर्यंतची उरलेली सगळी पावलं तिला उघड्या डोळ्यांनी पाहावी लागली.